किलिमांजारो: पाच दिवसांचा स्वस्त प्लॅन घ्यावा का? (शिरपूरहून दोघे जाणार)

शिरपूरचा_वाटसरू

राम राम मंडळी. मी (वय ४३) आणि माझे मेहुणे (वय ५१, बीपीची एक गोळी चालू) टांझानियात किलिमांजारो करायचा विचार करतोय. साल्हेर, अस्तंबा, कळसूबाई झालंय. हिमालयात फक्त हामटा पास. दम बरा आहे दोघांचाही.

तिथल्या मोशी गावच्या एका कंपनीने तीन भाव दिलेत: मारांगू मार्गाने पाच दिवस, मचामेने सात, लेमोशोने आठ. पाच दिवसांचा भाव बराच कमी आहे, शिवाय त्यात तंबू नाही, लाकडी झोपड्यांत बिछाना मिळतो. घरच्यांचं म्हणणं, "डोंगर तोच, मग जास्त पैसे कशाला?" कपाशी उरकली की जानेवारीअखेर निघता येईल, नाहीतर पोरांच्या मे महिन्याच्या सुट्टीत. कोणता महिना, कोणता मार्ग? उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही? दोघेही शाकाहारी आहोत, तिकडे जेवणाचं काय? आणि दोन ओळींत नको, सविस्तर सांगा.

---

अस्तंबा_पायवाट

पाच दिवसांचा भाव विसरून जा. तुमच्या पायांत कमी आहे म्हणून नव्हे, त्या प्लॅनमध्ये शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला वेळच ठेवलेला नाही.

मारांगूचं गणित बघा. पहिला मुक्काम मंदारा, सुमारे २,७२० मीटर. दुसरा होरोंबो, ३,७२०. तिसरा किबो, ४,७२०. आणि त्याच रात्री बाराच्या सुमारास ५,८९५ मीटरच्या उहुरू शिखराकडे कूच. म्हणजे रोज हजार मीटरची उडी. गिर्यारोहणातल्या डॉक्टरांचा सर्वमान्य ठोकताळा असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. खरं तर किलिमांजारोचा कुठलाच प्रचलित प्लॅन या नियमात पूर्ण बसत नाही, पण पाच दिवसांचा तर त्याला सरळ लाथ मारतो. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. साल्हेर १,५६७ मीटर, कळसूबाई १,६४६. तिथल्या दमावरून इथला अंदाज बांधू नका. हामटा पास जवळपास ४,२७० मीटरचा आहे, पण तो ओलांडून लगेच खाली उतरतात, त्या उंचीवर झोपत नाहीत.

मचामे आणि लेमोशो हे दोन्ही मार्ग पुढे एकत्र येतात. तिथला मोलाचा दिवस लाव्हा टॉवरचा. सकाळी ३,८५० मीटरच्या आसपास निघायचं, दुपारी लाव्हा टॉवरला सुमारे ४,६०० मीटरवर जेवायचं आणि मुक्कामाला बरांकोला, साधारण ३,९७५ मीटरवर, परत उतरायचं. उंच चढून खाली झोपणं म्हणजे हेच. त्या दुपारी डोकं ठणकतं, मळमळतं. बहुतेकांचं बरांकोला उतरल्यावर थांबतं. थांबलं नाही तर गाइडला तिथंच सांगायचं, "उद्या बघू" म्हणायचं नाही.

मचामे सहा दिवसांतही विकतात, तोही घेऊ नका. सहा दिवसांच्या प्लॅनमध्ये बरांकोहून निघून करंगा कॅम्प न थांबता पार करून बराफूला (सुमारे ४,६७० मीटर) संध्याकाळी पोचता आणि पाच-सहा तासांत, तेही न झोपता, शिखराला निघता. सातवा दिवस म्हणजे करंगाचा मुक्काम. त्याने बराफूला दुपारी जेवणाच्या वेळी पोचता, पडून राहायला वेळ मिळतो. जास्तीच्या पैशाचा मोबदला नेमका हा आहे.

माझं मत: परवडत असेल तर लेमोशो आठ, नसेल तर मचामे सात. कंपनीला एक प्रश्न जरूर विचारा, "डोंगरावर रात्री किती?" बऱ्याच जाहिरातींत आठ दिवसांत हॉटेलचे दोन दिवस मोजलेले असतात. मचामे सात म्हणजे डोंगरावर सहा रात्री, लेमोशो आठ म्हणजे सात रात्री. त्यापेक्षा कमी निघाल्या तर भाव स्वस्त नाही, प्लॅन आखूड आहे.

बरांकोच्या पुढे बरांको वॉल आहे, सुमारे अडीचशे मीटरचा कडा. फोटो बघून लोक घाबरतात. दोर लागत नाही, पण काही ठिकाणी हात टेकावे लागतात. काठ्या घडी करून सॅकला बांधा, दोन्ही हात मोकळे ठेवा. हमाल डोक्यावर ओझं घेऊन वर जात असतात, त्यांना वाट द्यायची ती डोंगराच्या बाजूला सरकून, दरीच्या बाजूला नाही. दीड-दोन तासांत संपतो. अस्तंबाची चढण ज्यांच्या पायाखालची आहे त्यांना हे जड नाही.

कोणी 'वेस्टर्न ब्रीच'चा मार्ग सुचवला तर नाही म्हणा. तिथं वरून दगड येतात. जानेवारी २००६ मध्ये दरड कोसळून तीन गिर्यारोहक गेले.

---

रावेरची_केळीबाग

वरच्या भाऊंशी पाच दिवसांबाबत सहमत, पण मारांगूला सरसकट मोडीत काढू नका. मारांगू सहा दिवसांतही करता येतो. होरोंबोला एक जादा रात्र मिळते, त्या दिवशी झेब्रा रॉक्सच्या पुढे मावेन्झी शिखराच्या बाजूला चढून परत यायचं. तरी उंचीच्या हिशोबात लेमोशो सरस, हे मान्य. पण पावसात ओल्या तंबूपेक्षा लाकडी झोपडी कधीही बरी.

आता महिन्याचं. मे महिन्याची सुट्टी डोक्यातून काढा. मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत तिकडे मोठा पाऊस असतो, नोव्हेंबरात छोटा. म्हणजे आपल्याकडच्या शाळांच्या दोन्ही सुट्ट्या तिकडच्या पावसात सापडतात. चांगले महिने जानेवारी ते मार्चची सुरुवात आणि जून ते ऑक्टोबर. जूनमध्ये आपल्याकडे पेरणी, त्यामुळे शेतकऱ्याला जानेवारी-फेब्रुवारीच सोयीचा. दिवाळीतच जायचं कोणावर आलं तर रोंगाई मार्ग बघा. तो उत्तरेकडून, केनियाच्या सीमेजवळून चढतो. ती बाजू पर्जन्यछायेत असल्याने कोरडी राहते. उतरताना मात्र मारांगूनेच खाली यावं लागतं.

जेवणाचं: डोंगरावर स्वयंपाकी सोबत असतो, शाकाहारी सांगितलं की भात, बटाटा, शेंगांचा रस्सा, पास्ता, भाजीचं सूप मिळतं. एकच खबरदारी. किलिमांजारोच्या उतारावर चागा लोकांच्या केळीबागा आहेत, कॉफीही त्या केळीच्या सावलीत. रावेर-यावलचा माणूस गाडीतून मान बाहेर काढूनच बसेल. तिथं कच्च्या केळीचं मटोरी नावाचं घट्ट सूप आग्रहाने देतात. केळीचं म्हणून बिनधास्त पिऊ नका, त्यात बहुधा बीफ असतं. "मांस नको" एवढं पुरत नाही, "मांसाचं पाणीही नको" असं सांगा.

चार हजार मीटरच्या वर भूक मरते, तळलेलं तर बघवत नाही. घरून लसणाची कोरडी चटणी, मेतकूट, सातूचं पीठ न्या. मऊ भाताबरोबर तेवढंच पोटात जातं. शिखराच्या रात्रीसाठी राजगिऱ्याचे लाडू खिशात ठेवा. गुळाची चिक्की आणि चॉकलेट थंडीत दगड होतात, दात लागत नाही.

---

सातपुड्याचा_स्टेथोस्कोप

औषधाबद्दल. हे सर्वसाधारण आहे, डोस तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. ती त्रास झाकत नाही, श्वासाचा वेग वाढवून शरीराला जुळवून घ्यायला मदत करते. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची पेयं बेचव लागतात; हे अपेक्षित आहे, घाबरू नका. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधीच सांगा. निघण्यापूर्वी घरी दोन दिवस घेऊन बघितलेली बरी, म्हणजे गोळीचा त्रास कोणता आणि उंचीचा कोणता हे वर गेल्यावर कळतं.

मेहुण्यांची बीपीची गोळी कोणती ते पाहा. ती लघवी वाढवणाऱ्या प्रकारातली असेल तर डायमॉक्स जोडल्यावर पाणी आणि पोटॅशियम दोन्ही घटू शकतं. डॉक्टर ती बदलून देतील की नाही हे दोन महिने आधी विचारा, निघायच्या आठवड्यात नाही. त्या वयात ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्टही करून घ्या.

आपल्या भागासाठी एक गोष्ट, जी ट्रेकिंगच्या चर्चांत कोणी बोलत नाही: सिकलसेल. नंदुरबार, धुळे, चोपडा-यावलचा सातपुडा या पट्ट्यात त्याचं प्रमाण लक्षणीय आहे. आजार नसून फक्त वाहक असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो, त्याला स्वतःलाही माहीत नसतं. पण मोठ्या उंचीवर प्राणवायू कमी झाला की वाहकाच्याही पाणथरीला (प्लीहेला) इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली जोराची कळ येते. तपासणी साधी आहे, सरकारी दवाखान्यात होते. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून वाहक की रुग्ण हे नक्की करा. रुग्ण असेल तर हा डोंगर नको. वाहक असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पैसे भरू नका.

वर गेल्यावर काय बघायचं: डोकेदुखी, मळमळ, थकवा, गरगरणं असेल तर तिथंच थांबा, आणखी वर झोपू नका. एका रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नसेल, बोलणं बरळल्यासारखं असेल, तर मेंदूला सूज आहे असं धरा. बसल्या जागी धाप, खोकला, छातीत घरघर म्हणजे फुप्फुसात पाणी. दोन्हीत इलाज एकच, ताबडतोब खाली, रात्र असली तरी. ऑक्सिजनची बाटली आणि गोळ्या उतरायला वेळ मिळवून देतात, उतरणं टाळायला नाहीत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गार बोटांवर चुकीचं दाखवतो, तेव्हा हात चोळून गरम करा आणि आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

---

शिरपूरचा_वाटसरू

फार उपयोगी, धन्यवाद. सिकलसेल आमच्या डोक्यातही नव्हतं, दोघेही तपासून घेतो. जानेवारीअखेर आणि लेमोशो किंवा मचामे सात, एवढं पक्कं. आता थंडीचं सांगा. धुळ्या-शिरपूरची डिसेंबरची थंडी आम्हाला काही वाटत नाही. जाकीट, स्लीपिंग बॅग इथून घ्यायची की तिकडे भाड्याने? आणि सामान किती?

---

लळिंगची_पहाट

धुळ्याची थंडी सात-आठ अंशांची. शिखराच्या रात्री उणे दहा ते उणे वीस धरून चाला, वर वारा. त्यातून त्या वेळी चाल इतकी संथ असते की अंग तापत नाही. आपल्याकडची थंडी सोसणारा माणूस तिथं याच कारणाने फसतो: त्याने थंडीत पळून पाहिलेलं असतं, कुडकुडत रांगत चाललेलं नसतं.

कपडे थरांत. अंगाला चिकटून लोकरी किंवा पॉलिस्टरची बनियन, सुती अजिबात नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की बर्फासारखं लागतं. त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जाड जाकीट, सगळ्यावर वारा-पाऊस अडवणारं कवच. पायांत तीन थर: आतली विजार, फ्लीसची पँट, वरून वाऱ्याची पँट. हातमोजे दोन जोड्या, आत पातळ, बाहेर बोटं न पाडलेले जाड मिटन. पाच बोटांचे मोजे कितीही महाग असले तरी बोटं एकमेकांना ऊब देत नाहीत.

भाड्याने काय घ्यायचं: जाड जाकीट, स्लीपिंग बॅग, काठ्या, गेटर (बुटाच्या तोंडावरून नडगीवर चढवायचं आवरण). मोशी आणि अरुशात मिळतात, इथं विकत घेऊन पुन्हा खानदेशात वापरणार कुठे? पण जाकीट आदल्या दिवशी दुकानात घालून, चेन दोन-तीनदा वरखाली करून बघा. बॅगवरचे आकडे वाचताना 'कम्फर्ट'चा आकडा बघा, 'एक्स्ट्रीम'चा नाही. एक्स्ट्रीम म्हणजे त्या तापमानात जीव वाचण्याची शक्यता, झोप लागण्याची नव्हे. कम्फर्ट उणे सात ते उणे दहा असावी. आतून घालायचं अस्तर मात्र घरून न्या.

बूट कधीच भाड्याने नाही. नवे असतील तर निघण्याआधी दोन-अडीच महिने रोज वापरून नरम करा. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, कारण शिखरावरून बराफू आणि तिथून म्वेका कॅम्प (सुमारे ३,१०० मीटर) असा एकाच दिवशी जवळपास २,८०० मीटरचा उतार असतो. जागा कमी असेल तर पायाची नखं काळी पडतात. आदल्या रात्री नखं कापा. बराफूकडे उतरताना भुसभुशीत खडी-मातीतून घसरत यावं लागतं, गेटर नसतील तर बूट खड्यांनी भरतो.

पाणी: नळीवाली पिशवी दिवसा चांगली, शिखराच्या रात्री तिची नळी पहिल्या तासा-दीड तासात गोठते. रुंद तोंडाच्या दोन बाटल्या घ्या, कोमट पाणी भरा, लोकरी मोज्यात घाला आणि सॅकमध्ये उलट्या ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे उलटी बाटली सरळ केली की तोंड मोकळं मिळतं. दिवसाला तीन-चार लिटर पुरे. त्याहून जास्त नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि त्याचीही डोकेदुखी-मळमळ उंचीच्या त्रासासारखीच दिसते. एका बाटलीत ओआरएस टाका.

डोक्यावरचा टॉर्च लिथियम सेलचा, जोडीला सुटे सेल. मोबाईल छातीजवळच्या आतल्या खिशात, बाहेर ठेवला तर चार्जिंग असूनही बंद पडतो.

सामान: हमालाला मऊ डफल बॅग द्यायची, ८०-९० लिटरची, तुमचं वजन १५ किलोच्या आत. हमालाने एकूण २० किलोपेक्षा जास्त उचलू नये असा नियम आहे, गेटवर वजन होतं. तुमच्या पाठीवर ३० लिटरची सॅक, त्यात पाणी, पावसाचं कवच, फ्लीस, खाऊ. चाकाची कडक सुटकेस हॉटेलात ठेवा. कंपनी किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्टची भागीदार आहे का हे विचारून घ्या. हमालांना तीन वेळचं जेवण आणि ठरलेली मजुरी मिळते की नाही यावर ती संस्था लक्ष ठेवते. भाव फारच उतरला असेल तर तो सहसा हमालाच्या ताटातून उतरलेला असतो.

---

जळगाव_जंक्शन

कागदपत्रांचं थोडक्यात. टांझानियाचा व्हिसा ऑनलाइन, साधी एक प्रवेशाची फी ५० डॉलर. विमानतळ किलिमांजारो, मोशी आणि अरुशा यांच्या मध्ये. मुंबईहून आदिस अबाबा, नैरोबी किंवा दोहा मार्गे.

आदिस अबाबा किंवा नैरोबीचं तिकीट असेल तर पिवळ्या तापाची लस घेऊनच टाका. इथिओपिया आणि केनिया त्या तापाच्या यादीत आहेत. तिथं बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तर टांझानिया कार्ड मागतं, आणि परत येताना मुंबईला वाद झाला तर सहा दिवसांच्या विलगीकरणापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. लस फक्त ठरावीक शासनमान्य केंद्रांवर, आधी नोंदणी करून; तालुक्याच्या दवाखान्यात विचारत बसू नका. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं.

प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर टांझानियात जून २०१९ पासून बंदी आहे. आपण कपडे पिशव्यांत गुंडाळून बॅग भरतो, तसं करू नका, पाणीरोधक कापडी ड्राय बॅग घ्या. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्याही डोंगरावर चालत नाहीत. डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या. २००६ च्या आधीच्या सहसा कोणी घेत नाही.

विमा: नेहमीच्या परदेश प्रवास विम्यात ट्रेकिंग बहुधा वगळलेलं असतं. '६,००० मीटरपर्यंत ट्रेकिंग' आणि 'हेलिकॉप्टरने सुटका' हे दोन मुद्दे पॉलिसीच्या मजकुरात लिहिलेले हवेत, एजंटच्या तोंडी नकोत. बीपी जाहीर करा, लपवलं तर दावा फेटाळतात.

---

शिरपूरचा_वाटसरू

शेवटचे दोन प्रश्न. तयारी कुठे करायची? आणि मेहुणे मध्येच थांबले तर मला पण उतरावं लागेल का?

---

अस्तंबा_पायवाट

बारा आठवडे धरा. आठवड्यात तीन दिवस पाऊण-एक तास भरभर चाल किंवा सायकल, बोलता येईल इतक्याच वेगाने. दोन दिवस जिना, पाठीवर सहा-सात किलो. यात उतरण्याकडे लोक दुर्लक्ष करतात. मांड्या चढण्याने नाही, उतरण्याने फाटतात, म्हणून लिफ्ट न वापरता खालीही पायीच या. रविवारी पाच-सहा तासांची चाल: शिरपूरहून तोरणमाळ जवळ आहे, नाहीतर लळिंग दोनदा वरखाली. शेवटच्या महिन्यात सलग दोन दिवस चाला, दुसऱ्या दिवशी पाय दुखत असताना. तुमचा सराव नोव्हेंबर ते जानेवारीत येतो हे बरं. मार्चनंतर आपल्याकडे तो पहाटेच उरकावा लागतो.

कितीही सराव केला तरी तो उंचीचा सराव नाही. हामटाला केलेलं जुळवून घेणं खाली आल्यावर दोन-तीन आठवड्यांत उतरून जातं. त्यातून फक्त तुमचं शरीर कसं वागतं एवढं कळतं.

शिखराची रात्र: बराफूहून अकरा-बाराला निघून उहुरूला सहा ते आठ तास, बराफूला परत यायला आणखी तीन, मग थोडं पडून म्वेकापर्यंत दोन-तीन. गाइड "पोले पोले" म्हणजे हळूहळू म्हणत राहील, त्याच्या मागेच राहा, पुढे जाऊ नका. स्टेला पॉइंटला, सुमारे ५,७५६ मीटरवर, विवराचा काठ लागतो आणि लोकांना वाटतं झालं. अजून पाऊण तास ते एक तास आहे, खाऊ आणि पाणी तिथं घ्या.

मेहुण्यांचं: गाइडशिवाय डोंगरावर फिरता येत नाही. दोघांमागे एकच गाइड असेल तर एक उतरला की दुसऱ्यालाही उतरावं लागतं. म्हणून करारात मुख्य गाइड आणि एक सहायक गाइड, दोघेही शिखराच्या रात्री सोबत, असं लिहून घ्या. हमालांपैकीच एखाद्याला 'सहायक' म्हणून पुढे करतात, तेव्हा त्याच्याकडे गाइडचा परवाना आहे का ते गेटवर बघा. आणि कोण कधी परत फिरेल हे खालीच बोलून ठेवा: चालताना तोल गेला किंवा उलटी थांबेना, तर गाइड म्हणेल ते ऐकायचं, मेहुण्यांनी "तुम्ही जा, मी इथंच बसतो" म्हणायचं नाही. त्या थंडीत बसून वाट बघता येत नाही.